नांदेतले त्रेचाळीस पेपर

नंदाबाई सकाळी उठली की चुलीकडे नंतर जायची, आधी मागच्या अंगणातली नांद बघायची. गुरांना पाणी पाजायची जुनी मातीची नांद ती, एका बाजूने काठ फुटलेली. गाय विकल्यापासून तिच्यात कागद भिजत असत. पाण्यात हात घालून नंदाबाई एक कोपरा दोन बोटांत चोळायची आणि कागद कुठवर आला ते मनाशी ठरवायची. "नवऱ्याचं तोंड पाह्याच्या आंधी नांदीचं तोंड पाह्यते," असं बकाराम, तिचा नवरा, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. त्यावर ती म्हणायची, "नांद बोलत तरी नाई."

सडक अर्जुनीपासून दोन कोसांवरचं त्यांचं गाव. घरोघर तांदूळ, आणि तांदूळ म्हटला की तांदळाचं पीठ आलंच. बांबूच्या टोपलीत पीठ ठेवावं तर ते विणीतून गळतं, मातीच्या मडक्यात ठेवावं तर पावसाळ्यात ओल धरतं, आणि पितळेचा डबा ज्याच्या त्याच्या घरी कुठून असणार? म्हणून गावातल्या बायका झिजलेल्या टोपल्यांना कागदाचा लगदा लिंपत. पण नंदाबाईचं लिंपणं वेगळं. ती मडकं पालथं घालून त्यावर नुसत्या लगद्याचं भांडं उठवायची. आत ना बांबू, ना काडी. वाळलं की टकटक वाजायचं. भिजवलेल्या मेथीने लगदा चिवट व्हायचा, आणि मेथीच्या कडवटपणाने पिठात किडाही पडत नसे. भांड्याचा मोबदला ठरलेला होता: त्या भांड्यात एकदा मावेल तेवढं धान. मोठं भांडं मागणाऱ्या बायका धान घालताना बोटं आखडती घेत, तेव्हा नंदाबाई भांडं हलकेच जमिनीवर आपटायची. धान खाली बसायचं आणि बाईला आणखी एक ओंजळ घालावी लागायची. यावरून भांडण कधी झालं नाही, हसणं मात्र व्हायचं.

कागद यायचा शाळेतून. दर चैत्रात, सुट्टी लागण्याआधी, शाळेचा शिपाई सुखराम रद्दीचा एक गठ्ठा डोक्यावर घेऊन यायचा. बदल्यात शाळेला खडू ठेवायला एक आणि कचऱ्याला एक, अशी दोन भांडी जायची.

चोपन्न सालच्या एप्रिलमध्येही गठ्ठा आला. संध्याकाळी आला, तिने तो तसाच नांदेत सोडला आणि वर दगड ठेवला. बाकीच्या बायका कागद कोरडाच फाडून भिजवत. नंदाबाई अख्खा भिजवायची आणि मग फाडायची. "कोरडा फाडला का त्याचे धागे तुटतात," ती सांगायची, "ओला फाडला का लांब निघतात. लांब धाग्याचं भांडं सुनेच्या हातून पडलं तरी फुटत नाई." दोन दिवस जास्त लागत. त्या दोन दिवसांसाठी बायका तिला हसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर पेज शिजत होती. बकाराम ओट्यावर कडुनिंबाची काडी चावत बसला होता. नंदाबाईने वरच्या थरातला एक कागद सोडवला, त्याचा दोरा काढला आणि उखळात कांडून पाहिला. नव्या गठ्ठ्याचं हे पहिलं काम. कागद कसा आहे, किती मेथी पिईल, हे मूठभर कांडल्याशिवाय कळत नाही. शाईची जराशी करडी झाक सोडली तर लगदा पांढरा निघाला. दरवर्षीचा कागद पिवळा, करपल्यासारखा असायचा. यंदा शाळेने चांगला कागद दिला म्हणून ती खूश झाली आणि मांडीवर फडकं पसरून पुढचे फाडायला घेतले. तीन फाडून झाले होते, तेव्हा पुढच्या दाराची कडी वाजली.

कडी अशी वाजली की बकारामच्या तोंडातली काडी खाली पडली.

दारात बिसनलाल गुरुजी होते. शाळेचे मुख्याध्यापक, पोवारांच्या घरातले, अठरा वर्षं मास्तरकी केलेले. डोक्यावर टोपी नव्हती. त्यांच्यामागे सुखराम भिंतीला पाठ लावून उभा होता.

"नंदाबाई, कालचा गठ्ठा कुठे आहे?"

"नांदीत."

गुरुजींनी डोळे मिटले. "गजब हो गया," ते सुखरामला नाही, बकारामलाही नाही, दाराच्या चौकटीला म्हणाले. मग त्यांनी सांगितलं. ती रद्दी नव्हती. चौथीच्या परीक्षेचे गणिताचे पेपर होते, पाच गावांच्या त्रेचाळीस पोरांचे. भाषेचे पेपर परवाच तपासायला गेले होते. गणिताचे न्यायला शाळा तपासणारे डेप्युटी साहेब उद्या सकाळी दहाला येणार होते. कपाटावर उंदीर झाले म्हणून गुरुजींनी गठ्ठा खालच्या फळीवर ठेवला होता, आणि वीस वर्षं सुखराम रद्दी त्याच फळीवरून उचलत होता.

"पेपर नाहीत म्हणजे पोरं नापास," गुरुजी म्हणाले. "त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. आणखी एक वर्ष. त्यातली निम्मी तर पुढच्या वर्षी येणारच नाहीत, बाप त्यांना धानाच्या बांधीवर, शेतकामाला, नेऊन उभी करतील."

बोलता बोलता ते मागच्या अंगणात पोचले, वाकले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत नांदेत घालून गठ्ठा ओढू लागले.

"हात काढा, गुरुजी."

अठरा वर्षांत त्यांना असं कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी हात काढले. बोटांना एका कागदाचा कोपरा चिकटून आला होता.

"पान्यात आहे तवर तो कागद आहे," नंदाबाई म्हणाली. "ओढून भाईर काढाल तर त्याचंच वजन त्याले फाडते. तुमी आधी बसा. अवो, गुरुजीले पाट द्या."

ती स्वतः नांदेशी उकिडवी बसली आणि काही वेळ नुसती पाण्याकडे बघत राहिली. गुरुजींना वाटलं, बाई घाबरली. सुखरामला वाटलं, देवाचं नाव घेऊन राहिली. तिने ओंजळीत पाणी घेतलं आणि उन्हात धरलं.

"शाई कोनती होती?"

"शाई?" गुरुजींना राग आला. "आता शाईचं काय?"

"गोळीच्या शाईनं पानी जांभळं होते. माह्या लुगड्याले डाग पडते, ते निघत नाई. हे पाहा, पानी चहासारखं बी नाई झालं. मंग शाई गेली कुठं? कागदावरच आहे ते."

गुरुजी उठून उभे राहिले. शाई त्यांनीच केली होती. शाळेसाठी शाईच्या गोळ्या वेळेवर आल्या नाहीत, म्हणून परीक्षेआधी जंगलातले हिरडे आणून त्यांनी ते हिराकसाबरोबर लोखंडी कढईत उकळले होते. तेव्हा शाळा समितीचे अध्यक्ष भैयाजी म्हणाले होते, मास्तर शाळा चालवून राहिले का वैदूचं दुकान.

"हिरड्याची आहे," ते म्हणाले.

"हिरडा धरला का सोडत नाई. कातडं रंगवनाऱ्याले विचारा." नंदाबाईने पदर खोचला. "उद्या दहा म्हनता ना? मंग आज रडाले वेळ नाई. सुखरामभाऊ, गीताबाईले हाक मारा. म्हनाव, जिच्या जिच्या घरी माहं भांडं आहे, तिचं सूप पाह्यजे. अन तुमी," ती नवऱ्याकडे वळली, "तनीस आना. पुढच्या खोलीत वीतभर पसरा."

"कोनाची?"

"आपली. बैल एक दिवस कमी खाईन."

"अन मी?"

"तुमी बी."

बकाराम पेंढा आणायला गेला. जाताना मात्र त्याने चुलीवरची पेज उतरवून ठेवली.

मग काम सुरू झालं. नंदाबाईने नांदेत आणखी पाणी ओतवलं, तेव्हा गुरुजींचा जीव पुन्हा वरखाली झाला. पण पाणी वाढलं तसे एकमेकांना चिकटलेले कागद आपोआप सैल होऊ लागले. पाण्याखालीच ती एका कागदाच्या कडेत करंगळी सरकवायची आणि बाजूला बाजूला हलवत न्यायची, निवलेल्या दुधाची साय उचलावी तशी. कागद सुटला की त्याच्याखाली बकारामच्या जुन्या धोतराचा तुकडा घालायचा, तुकड्यासकट कागद सुपावर घ्यायचा, पाणी निथळू द्यायचं, आणि पेंढ्यावर नेऊन अलगद पालथा करायचा. वरून हवा, खालूनही हवा.

गीताबाई शेजारीण. ती अकरा सुपं घेऊन आली आणि आल्याआल्या गुरुजींना म्हणाली, "काऊन गुरुजी, पोराईनं गनित चुकवलं म्हनून धुऊन राहिले का?"

गुरुजींनी ऐकलं न ऐकलं केलं. पण तिसऱ्या सुपाला ते स्वतः खाली बसले. नंदाबाईने त्यांना एकच काम दिलं होतं, जे त्या घरात त्यांनाच जमणारं होतं: प्रत्येक कागदावरचा नंबर वाचायचा आणि कागद त्या क्रमाने लावायचा. "नऊ," ते म्हणायचे. "एकतीस. चार." अक्षर फिकं झालं होतं, पण होतं. आकडे तर स्पष्ट. एका पोराने भागाकाराच्या खाली भाकरीएवढं शून्य काढलं होतं, ते तसंच्या तसं होतं.

सुखराम दारात काठी घेऊन बसला, कारण गावच्या शेळ्यांना ओल्या कागदाचा वास लागला होता. आत यायची त्याची हिंमत नव्हती.

दुपारी गरम वारा सुटला. गुरुजी म्हणाले, कागद बाहेर उन्हात टाकू, तासाभरात वाळतील. नंदाबाई म्हणाली, नाही. उन्हात वाळला की त्याचा पापड होतो, घडी घातली की मोडतो. त्याला सावलीतच वाळू द्यायचं, मध्ये एकदा पलटायचं. तिने दोन्ही दारं लोटून घेतली. खोलीत भट्टी झाली. चौघंही घामाने निथळत होती. घामाचा थेंब कागदावर पडू नये म्हणून बायका कपाळाला पदर गुंडाळून वाकत होत्या. बकाराम तेवढा वेळ एक शब्द बोलला नाही. लग्नाच्या सत्तावीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. नंदाबाईच्या लक्षात आलं, पण तिने ते बोलून दाखवलं नाही.

सकाळी फाडलेले तीन पेपर राहिले होते. त्यांचे तुकडे तिने फडक्यावर जुळवले. गुरुजी बेरीज वजाबाकी वाचत तुकडा शोधून द्यायचे, "हा हातचा दोन इथला," आणि ती पेजेच्या वरच्या पाण्यात बोट बुडवून शिवण चिकटवायची. वाळल्यावर ते कागद जाड आणि सुरकुतलेले झाले, पण वाचता येत होते.

दिवस कलायच्या आत मोजणी झाली. बेचाळीस.

पुन्हा मोजले. बेचाळीसच. नंबर सतरा नव्हता.

नंदाबाई उठली आणि उखळाशी गेली. तळाशी मूठभर पांढरा लगदा होता. त्यात अक्षर नव्हतं, आकडा नव्हता. सकाळी यालाच बघून ती खूश झाली होती.

"सतरा कोन?" तिने विचारलं.

"कुंता. उदेलालची पोरगी, पलीकडच्या गावची." गुरुजींचा आवाज हळू झाला होता. "बापाबरोबर नाला ओलांडून आली होती." मग ते म्हणाले, "बेचाळीस वाचले, नंदाबाई. तुम्ही वाचवले. एकाचं... मी सतरापुढे गैरहजर लिहितो. पोरगीच आहे. पुढच्या साली बसेल. साहेबांना सांगितलं तर माझी नोकरी जाईल, सुखरामची जाईल."

दारातला सुखराम जमिनीकडे बघत राहिला.

"पोरगी आलती का परीक्षेले?" नंदाबाईने विचारलं.

"आली होती."

"पेपर लिवला?"

"लिहिला."

"मंग गैरहजर कशी?"

गुरुजींनी हातातले पेपर पुन्हा सरळ केले.

"तुमी फळीवर ठेवला, सुखरामभाऊनं उचलला, कांडला मी. कागद पांढरा दिसला तवाच मले विचाराले पाह्यजे होतं, मी लालच केली. तीन मानसाईची चूक, अन वर्ष जाईन त्या पोरीचं?" तिने लगद्याचा गोळा पळसाच्या पानावर घेतला. "मी उद्या साहेबाले हे दाखवतो. तुमाले यायचं असन तर या."

"नंदाबाई, विचार करा. तुमच्यावरही येईल."

"येऊ द्या. मी काही गनिताले बसली नाई."

त्या रात्री गुरुजींना झोप आली की नाही ते कोणाला माहीत नाही. सकाळी मात्र ते शाळेत सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते, आणि टोपी जागेवर होती.

डेप्युटी साहेब दहाच्या सुमारास सायकलवरून आले. भैयाजी त्यांच्यासाठी घरून खुर्ची आणवून बसलेच होते. गावात बातमी काय लपते. गुरुजींनी बेचाळीस पेपर टेबलावर ठेवले आणि उभ्याने, काहीही न गाळता, सगळं सांगितलं. फळी कोणाची, गठ्ठा कोणाचा, सतरा नंबरचं काय झालं. काल जे लपवणार होते तेही त्यांनी सांगितलं. सुखराम दारामागे होता. स्वतःचं नाव आलं तेव्हा त्याने हात जोडले, पण कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

साहेबांनी पेपर एकेक करून उजेडात धरले. पापडासारखे नव्हते, पण सरळही नव्हते. वाळताना लाटा आल्या होत्या, कडांना पेंढ्याच्या रेघा उमटल्या होत्या. जोडलेले तीन त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिले.

"हे कोणी जोडले?"

गुरुजींनी ओसरीकडे हात केला. तिथे नंदाबाई खांबाशी उभी होती, हातात पळसाचं पान. ती पुढे आली आणि पान टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं.

"हा सतरा नंबर," ती म्हणाली. "मी कांडला. पोरीनं लिवला होता."

साहेबांनी त्या गोळ्याकडे पाहिलं. रात्रीतून तो वाळून दगडासारखा झाला होता. त्यांनी तो उचलून बोटाने वाजवला, मग घड्याळ पाहिलं. "उदेलालला निरोप पाठवा. मुलीला आत्ता बोलवा. मी दुसरा पेपर काढतो, माझ्यासमोर लिहील."

सुखराम पळतच गेला. साहेबांनी कागद मागून घेतला आणि गणितं काढायला बसले. भैयाजींना इतका वेळ बोलायला मिळालं नव्हतं.

"साहेब, मी चार वर्षं सांगून राहिलो. लिहिलेला कागद म्हणजे विद्या. ती उखळात घालून मुसळानं कांडायची? एक तर होळीत टाका, नाही तर तलावात सोडा. शाळेचा कागद यापुढे गावात जाणार नाही, असा ठराव मी आजच लिहून देतो."

"भैयाजी," नंदाबाई म्हणाली, "होळीत टाकला तर विद्या जळत नाई का?"

"तो अग्नी आहे. वेगळी गोष्ट."

"असन. पर तुमच्या सैपाकघरात माही तीन भांडी आहेत. एकात पीठ, एकात लाखोरीची डाळ, अन मोठ्यात तुमच्या मायनं पापड ठेवले आहेत. त्या कागदावर तुमच्याच पोराईचे धडे होते. मले सांगा, कागदाचा मान कोनत्या घरात कमी झाला, ते भांडं मी आजच वापस नेतो."

गीताबाई ओसरीच्या पायरीवर होती. तिने तोंडावर पदर घेतला. भैयाजींनी खुर्ची थोडी मागे सारली. ते भांडं परत द्यायला तयार आहेत, असं काही ते म्हणाले नाहीत.

दुपारच्या आत उदेलाल आला, मागे कुंता. दहा-अकरा वर्षांची, दोन वेण्या, पायाला नाल्याचा चिखल. तिला कोणीतरी वाटेत अर्धवट काहीतरी सांगितलं असावं, कारण ती आल्याआल्या रडायच्या बेतात होती. नंदाबाई तिच्यापुढे बसली.

"माही चूक झाली, बाई. तुहा पेपर माह्याकडून खराब झाला. तू चांगला सोडवला होता का?"

कुंताने मान हलवली. "येक चुकलोतो."

"मंग यावेळी तेही बरोबर येईन. जा, लिव."

पोरगी ओसरीत बसली, टाक दौतीत बुडवला आणि लिहू लागली. उदेलाल दूर पाठ करून उभा राहिला, जणू आपण बघितलं तर तिचं चुकेल. टाकाची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. गुरुजी ती ऐकत उभे होते. साहेबांनी आपल्या कागदावर घडल्या गोष्टीची हकिगत लिहून काढली, गुरुजींकडून सही घेतली, सुखरामचा अंगठा घेतला. नोकरीचं काय होणार ते त्यांनी सांगितलं नाही. वर कळवावं लागेल, एवढंच म्हणाले. मग भैयाजींचा ठराव त्यांच्यापुढे आला. तो त्यांनी वाचला आणि टेबलावर ठेवला.

"बाई, तुमचं काय म्हणणं आहे? शाळेने रद्दी द्यायची की नाही?"

नंदाबाईने आधी कुंताकडे पाहिलं. तिचं लिहिणं थांबलेलं नाही याची खात्री करून ती हळू आवाजात बोलली.

"कागद बंद नोका करू, साहेब. मले वाचता येत नाई, सुखरामभाऊले बी येत नाई. ज्याले वाचता येते त्यानं गठ्ठा एकदा सोडून वाचून पाह्यावा, अन मंगच माह्या घरी पाठवावा. येवढंच मागनं आहे."

साहेबांनी भैयाजींचा ठराव पालथा केला आणि कोऱ्या बाजूवर तेवढंच लिहून घेतलं.